सहा पायांचं टेबल

कोल्हापुरात समुद्र नाही.
रंकाळ्यात होडीवर करा की, मी म्हटलं.
सुगंधा मगदूम हसली. रंकाळ्याला लाटा येतात का, काका?
तिनं समुद्र पेन ड्राइव्हमध्ये आणला होता,
कुठल्याशा जहाजाच्या डेकवर मोजलेला, चाळीस मिनिटांचा.
म्हणाली, याला पाय करून द्या.

उद्यमनगरात मी पंपाचे शाफ्ट करतो,
गुऱ्हाळाच्या चरकाचे रोलर करतो.
समुद्र कधी केला नव्हता.
सहा पाय केले, आपापल्या मर्जीनं लांब-आखूड होणारे,
वर ॲल्युमिनियमची पाटी, परातीएवढी,
पाटीवर पांढरी रेघ. रेघ म्हणजे धावपट्टी.

रात्री शटर ओढलं की समुद्र सुरू.
पहिल्या आठवड्यात मला नुसतं बघून मळमळलं.
समोर फौंड्रीतला जुना पंखा,
पंख्यापुढं लाकडी खोकं, ती म्हणे जहाजावरची इमारत.
वारा तिला वळसा घालतो आणि मागं फाटतो.
"नेमका जिथं उतरायचंय तिथंच फाटतो, काका."

विमान तळहाताएवढं, चार पंख्यांचं.
रिमोट नाही. सुगंधा हाताची घडी घालून उभी.
मी विचारलं, मग ते ठरवतं कसं?
स्वतःला तीन गोष्टी विचारतं, म्हणाली.
आत्ता किती चुकलोय.
आजवर किती चुकत आलोय.
आणि हे असंच चाललं तर किती चुकणार.
कुणाचं किती ऐकायचं ते मी सांगते त्याला.
आत्ताचं फार ऐकलं तर थरथरतं.
मागचं साठवत गेलं तर फुगून बसतं,
वारा पडला तरी त्याच्याशी भांडत राहतं.

(मला आमचे थोरले बंधू आठवले. बोललो नाही.)

अकरा रात्री पडलं.
कधी कडेवर, कधी पंख्यात,
एकदा माझ्या डब्यात, आमटीत चारी पाती.
ती आकडे बदलायची, वहीत लिहायची,
सरांचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायची.

आणि मला माहीत होतं.
तिसऱ्या पायाच्या सांध्यात पाव सूत ढिलाई होती.
शेवटच्या पासला बुशचं भोक माझ्या हातून मोठं झालेलं,
पितळी पत्रा सारून मी भागवलं होतं.
पाटी खाली जाताना एक टक् व्हायचा,
समुद्रात नसलेला.
विमान त्या टक्ला लाट समजायचं
आणि नसलेल्या लाटेला सावरायला जाऊन
असलेल्या लाटेवर आपटायचं.

चाळीस वर्षं मायक्रोमीटरपुढं मान वर करून उभा राहिलो.
बाराव्या रात्री मान खाली घालून सांगितलं.

तिनं पाटीला कान लावला. टक्.
वाटलं, आता रडेल, नाहीतर सरांना सांगेल.
म्हणाली, नक्की किती आहे? मोजून द्या.
मोजून दिलं. म्हटलं, उद्या नवा बुश बसवतो.
"नको. जहाजावर पण कुणीतरी काका असतीलच की."

दोन वाजून गेले असतील.
विमान रेघेवर आलं, उतरायला लागलं,
वीतभर राहिलं,
आणि काही कारण नसताना वर निघून गेलं,
पार छताच्या कैचीपर्यंत.
मग पाटी उसळली. रिकामी.

हुकलं गा परत, मी म्हटलं.
सुगंधा उभी होती, स्टूल मागं आडवं पडलेलं.
"हुकलं नाही, काका.
नको म्हणालं ते."

दुसऱ्या फेरीला उतरलं, रेघेच्या जरा डावीकडं.
त्याचं तिला विशेष काही नव्हतं.
वहीत तिनं आधीच्याच फेरीला गोल केला होता, दोनदा.

थर्मासमध्ये चहा होता.
अख्ख्या शेडमध्ये कप ठेवायला मोकळी जागा एकच, ती पाटी.
दोन कप ओतून ठेवले
तेव्हा लक्षात आलं,
समुद्र बंद करायचा राहिलाय.